गजभियेमामांचं एकच खोटं

कुणी सहज म्हटलं, ‘आज ऊन फार आहे,’ तर गजभियेमामा विचारायचे, “मोजलं काय?” छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. ‘कोणी पाह्यलं?’ हा त्यांचा पेटंट प्रश्न. त्यांच्या पुतण्याला मुलगा झाल्याची बातमी घेऊन माझी आई गेली, तर तिलाही तेच.

“दाईनं,” आई म्हणाली. तेव्हा कुठं त्यांनी साखर तोंडात टाकली.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. मामांची बायको वारलेली, मूलबाळ नाही. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला हा माणूस विहाराची किल्ली सांभाळायचा, पहाटे झाडू मारायचा आणि ड्यूटीवरून आला की समोरच्या रहीमचाचांच्या शिलाईच्या दुकानात पायरीवर बसून वाद घालायचा.

“कुर्ता है तो दर्जी होगा,” चाचा म्हणत. “दुनिया है तो बनानेवाला होगा.”

“मंग त्या दर्ज्याले कोणी शिवलं?”

अजान झाली की चाचा उठत. “जा, त्यालेच इचारून ये,” म्हणत मामा ते परतेपर्यंत दुकान राखत.

एका दुपारी विहारातल्या मूर्तीपुढची काच फुटलेली दिसली. शेजारच्या मोहल्ल्यातून दगड आला, असं कुणीतरी बोललं आणि तासाभरात पन्नास-साठ माणसं चाचांच्या दुकानापुढं जमली. आमच्या गल्लीत मुसलमानाचं दुकान तेवढं एकच. चाचा आत मशीनला टेकून उभे. मामा नुकतेच कामावरून आलेले, बोटांना शाई तशीच. ते दारात आडवे झाले.

“दगड कोणी पाह्यला?”

“पाहाची काय गरज हाय? सरका बाजूले!”

“काहून सरकू? दगड कुठी हाय?”

मागून कुणीतरी वीट भिरकावली. दुकानाची पाटी खाली आली. मामांनी एकदा वळून चाचांकडं पाहिलं.

“काच मी फोडली,” ते म्हणाले. “झाडू मारताना दांडा लागला. भेलो म्हून सांगतलं नाही.”

सकाळी मामांच्या नंतर मीच विहारात उदबत्ती लावून आलो होतो. काच धड होती. मी तोंड उघडणार, तोच मामांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी ते मिटलं.

मग लोकांचा राग त्यांच्यावर फिरला. एकानं कॉलर धरली, एक जण थुंकला. शेवटी विहाराची किल्ली हिसकावून घेऊन सगळे निघून गेले.

चाचा बाहेर आले. “गजभिये, तुमने झूठ काहे को बोला?”

“तुह्या धर्मात असल्या खोट्याले काय शिक्षा हाय?”

“हमारे यहाँ, जो लोगों में सुलह कराए, वो झूठा नहीं.”

मामा पायरीवर बसले. “तुह्या इथं नसन,” ते म्हणाले. “माह्या इथं हाय.”

काच कशानं फुटली, ते कधीच कळलं नाही. मामांनी खरं सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही.

पुढच्या रविवारी वंदनेला ते सगळ्यांच्या मागं, दाराशी बसले. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं त्यांनी नेहमीसारखी खणखणीत म्हटली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. सगळं विहार एका सुरात म्हणत होतं. मामांचे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते आणि ओठ बंद.

पाचव्याला ते पुन्हा म्हणू लागले.