साडूच्या वाघावर उतारा

"बादलचा वाघ म्हणजे घसा बसलेला बोका हाय, बोका! मी असा डबा बनवतो, का मामाजी त्याचा डबा उकिरड्यावर फेकतीन!"

आर्णीतल्या आपल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात इंद्रजीत आडेनं छाती पुढे काढून हे जाहीर केलं. ऐकायला त्याची बायको वर्षा होती आणि टेबलावर पोटं उघडी टाकून पडलेले चार-सहा मोबाईल होते. वर्षानं मान डोलावली. मोबाईल तेवढेही बोलले नाहीत.

बादल म्हणजे इंद्रजीतचा साडू, वर्षाच्या मोठ्या बहिणीचा, शीलाचा नवरा. दिग्रसला पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचं दुकान. गेल्या साली सासऱ्यांच्या वावरात वांदरांनी तूर ओरबाडली, तेव्हा यानं एक डबा करून दिला. एक स्पीकर, एक बॅटरी, एक चिप. बटण दाबलं की वाघाची डरकाळी! वांदरं शेजारच्या शिवारात पळाली आणि सासरे खेमसिंग बादलच्या प्रेमात पडले, ते पडलेच! घरी जेवायला बसलं की सुरू, "बादलचं डोकं पाहा!" आणि मटणातली नळी बादलच्या ताटात. इंद्रजीतच्या ताटात रस्सा, आणि त्यात एकटाच पोहत असलेला बटाटा!

हे इंद्रजीतला खुपायचं. खुपायचं म्हणजे काय, पायात काटा मोडावा आणि वरून चप्पल घालून नाचायला लावावं तसं! "मोबाईलमधलं मुंगीच्या डोळ्याएवढं सामान मी बदलतो. अन् कौतुक कोणाचं? मोटारीले तार गुंडाळणाऱ्याचं!"

पण यंदा देव पावला. वांदरांना वाघाची सवय झाली. शीलानंच फोनवर वर्षाला सांगितलं, "अवो, वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून डरकाळी ऐकतात अन् शेंगा सोलतात. बातम्या ऐकत नाश्ता करावा तसं!" खेमसिंगनं निरोप धाडला, दोन्ही जावयांनी रविवारी यावं. ज्याचा डबा चालेल त्याचाच डबा साऱ्या तांड्याच्या वावरांत लागेल.

इंद्रजीतला झोप लागेना. सगळा खेळ चिपचा होता. बादलची चिप साधी. एकच आवाज पोटात घ्यायची आणि मरेपर्यंत तोच ओकायची. इंद्रजीतनं निवडली मेमरी कार्डवाली. बाजारात भजनांचे स्वस्तातले छोटे प्लेअर मिळतात ना, त्यांच्यात असते ती. वांदरं हाकला, मग गाणी ऐका, मग खिशात घालून घरी या! त्यातही एक असली होती आणि एक तिच्यासारखी दिसणारी स्वस्त. इंद्रजीतनं स्वस्त घेतली.

वर्षानं ती उजेडात धरली. "यावरचा नंबर काहून खरडला?"

"भारी मालाचा नंबर लपवूनच ठेवतात!"

बटणं दोनच, एक पुढचं, एक मागचं. दाबून सोडलं तर पुढचा-मागचा आवाज लागणार, दाबून धरलं तर आवाज लहान-मोठा होणार. एका बटणात दोन कामं! इंद्रजीतला तर ही चिप आपल्यासाठीच जन्माला आली असं वाटलं.

राहिलं आवाज भरणं. वांदरं खरी भितात ती चिडलेल्या माणसाला, असं त्याचं संशोधन होतं. त्यानं मोबाईल तोंडाजवळ धरला आणि ओरडला, "हाड! हूड!"

"असं तर तुम्ही गिऱ्हाइकाले 'या, बसा' म्हणता," वर्षा म्हणाली. "मनात राग आणा थोडा."

इंद्रजीतनं डोळे मिटले. समोर सासऱ्यांचं ताट आलं. बटाटा आला. आणि मग जे आलं ते थांबेचना! भिंतीवरची पाल पाठ फिरवून गेली. समोरचा पानवाला डोकावून पाहून गेला. संपलं तेव्हा इंद्रजीतला तापातून उठल्यासारखं हलकं वाटत होतं.

"हे आधी मिटवा," वर्षा म्हणाली.

"मिटवतो ना!" तो म्हणाला, आणि चिप तपासायला म्हणून तेच आधी कार्डात टाकलं. ऐकलं. काय गोड लागलं! चहासोबत पुन्हा ऐकलं. मिटवायला हात होईना. मग त्यानं कुत्र्यांचं भुंकणं, फटाके, डबे बडवल्याचा आवाज असा सभ्य माल भरला, त्यांना एक, दोन, तीन असे नंबर दिले आणि आपल्या जिवाभावाच्या आवाजाला सगळ्यांत शेवटचा नंबर दिला. शेवटपर्यंत ऐकत कोण बसते?

पण त्या चिपला नंबर वाचताच येत नव्हते! कार्डात जे आधी गेलं ते आधी वाजवायचं, एवढंच तिला ठाऊक. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. इंद्रजीतनं विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी वावरात अर्धा तांडा जमला. खेमसिंग फेटा बांधून पुढे, सासू जमनाबाई मागे. तुरीत वांदरांचा कळप असा बसला होता, जसं पंगतीचं आमंत्रण त्यांनाच आहे! आधी बादलनं वाघ वाजवला. एका वांदरानं जांभई दिली.

"आपला वाघ म्हातारा झाला," बादल हसून म्हणाला. "साडूभाऊ, तुमचा डबा मात्र झकास दिसते!"

हरल्यावरही हसतो! इंद्रजीतला तेही सहन झालं नाही. त्यानं डबा उंच धरला आणि बॅटरीची वायर जोडली.

"अबे बादल्या!!" डबा गरजला. "तुले कायचं डोकं बे! तार गुंडाळते अन् शास्त्रज्ञ म्हणवते! अन् तो म्हातारा! डोये फुटले का त्याचे? त्याले नळी अन् मले बटाटा? मी काय जावई नाही? धुऱ्यावर उगवलो का मी?"

इंद्रजीतच्या अंगातलं रक्त चपलेत उतरलं. आवाज लहान करावा म्हणून त्यानं बटण धरलं. चुकीचं धरलं! आता पलीकडच्या शिवारातली बैलजोडीही थांबून ऐकू लागली. त्यानं बटण सोडून पुन्हा दाबलं. कुत्री भुंकली. हुश्श! पण घाबरलेलं बोट कुठे थांबते? आणखी एकदा दाबलं गेलं, ते मागचं बटण होतं. "अबे बादल्या!!"

शेवटी त्यानं बॅटरीची वायरच उपटली.

"काय होतं हे?" खेमसिंगनं विचारलं.

"रेडिओ, मामाजी! मधातच रेडिओ लागला!"

"रेडिओले काय मालूम मी कोणाले काय वाढतो ते?"

एवढ्यात बादल मदतीला धावला. "वायर निसटली, थांबा!" भला माणूस! त्यानं वायर जोडली. चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि थेट त्याच्या तोंडावर ओरडली, "अबे बादल्या!! तुले कायचं डोकं बे!"

शीला लाल झाली. वर्षानं तोंडाला पदर लावला. धरणी दुभंगली तर बरं, असं म्हणून इंद्रजीतनं खाली पाहिलं. पण तिथे नुसती काळी माती होती, आणि ती घट्ट होती.

"अवो, वांदरं पाहा!" जमनाबाई ओरडली.

वावर रिकामं! अख्खा कळप नाला ओलांडून पळत होता. सगळ्यांत पुढे तो जांभईवाला, आणि तो मागे वळूनसुद्धा पाहत नव्हता!

खेमसिंगनं तुरीकडे पाहिलं. जावयाकडे पाहिलं. पुन्हा तुरीकडे पाहिलं.

"हे उद्या बी असंच वाजीन ना?"

"वाजीन, मामाजी!" इंद्रजीतची छाती पुन्हा वर यायला लागली. तांड्यातले लोक डब्याभोवती जमले. मले बी पाह्यजे, मले बी! बादल नुसता उभा होता. वर्षभरात इंद्रजीतला एवढं सुंदर दृश्य दिसलं नव्हतं.

मग खेमसिंगनं हात वर केला. "आवाज इंद्रजीतचाच भरा. पण बादलच्या चिपमधी! त्याच्या चिपच्या पोटात एकच गोष्ट राह्यते. हिच्या पोटातून अजून काय काय निघन, सांगता येत नाही!"

आणि तसंच झालं. बादलच्या चिपमध्ये सगळं मावेना, म्हणून त्यानं आपलं नाव आणि सासऱ्यांचे डोळे कापून टाकले. उरला तो नुसता संताप. रोज सकाळी तांड्याच्या वावरावावरांतून इंद्रजीत ओरडतो आणि वांदरं पळतात.

परवा एक शेतकरी तसाच डबा घेऊन इंद्रजीतच्या दुकानाची पायरी चढला.

"चार्जिंगची पिन तुटली, भाऊ. बादलभाऊचा डबा हाय. काय चिप टाकली त्या माणसानं! पण आतमधी ओरडते तो कोण असन? भल्ला जळका माणूस दिसते बाप्पा!"

इंद्रजीतनं सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून, काही न बोलता, हातानंच त्याला बसायला स्टूल दाखवलं.