ज्वारी, तूर की हरभरा

चौथीपर्यंतच शिकले. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका, सांभाळून घ्या. पण आमचे भाया, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, रोज कुत्र्याला बंदुकीचं ज्ञान द्यायचे, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

कुरुंद्याजवळ हळदीच्या रानात आमची दोन घरं, मध्ये एक भिंत. भायांसमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तेही माझ्याशी बोलायचे नाहीत. काही सांगायचं झालं तर कुत्र्याला सांगायचे, "काळ्या, बाईला सांग, आज पान्याची पाळी आपली हाय." मी भिंतीआडून ऐकायची आणि पाणी सोडायला जायची.

दिवस मावळला की भाया बंडीच्या खिशातून दाणे काढायचे.

"हे पाय काळ्या. एअरगनचा छर्रा म्हंजे ही ज्वारी. कोल्ह्याला नुसती खाज सुटंल. टू-टू बंदुकीची गोळी म्हंजे ही तूर. लांबून लागली तर तडफडंल बिचारं. अन रायफलची मोठी गोळी म्हंजे हा हरभरा. कोल्हा जागीच गार. पर आवाज केवढा! एवढ्याशा जिवाला एवढी कशाला?" मग मोठा सुस्कारा. "अजून न्हाई ठरलं."

शेजारच्या रानातला गणपत चिडवायचा, "दादा, घ्या की बंदूक एकदाची! पोरगी पाहून राहिले का काय?"

"पोरगी पसंत न्हाई पडली तर न्हाई म्हनता येतं. सुटल्या गोळीला काय म्हनतू?"

एकदा जंगल खात्याचा गार्ड येऊन म्हणाला, "दादा, कोल्हा मारायला बंदी हाय."

"मारून कोन राहिलं? मी निवडून राहिलो."

मी भिंतीआड तोंडात पदर कोंबून हसले. मालक गेल्यानंतरचं ते माझं पहिलं हसू.

भायांचं हे खूळ मालक साप चावून गेले, त्या सालापासूनचं. त्याआधी ते अबोलच. त्यांची बायको कधीच गेलेली. मूलबाळ दोन्ही घरांत नाही. दिवस मावळताना माझा जीव घाबरा व्हायचा, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

यंदा पोळा झाला आणि भायांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. मी वाढलेलं ताट गणपत त्यांना नेऊन द्यायचा. पहिल्या संध्याकाळी मी सवयीनं भिंतीपाशी बसले. पलीकडून शब्द नाही. आणि एकाएकी कोल्हे ओरडू लागले, अगदी बांधावर.

ते रोजच ओरडत असणार. इतकी वर्षं भायांच्या बोलण्यात मला ते ऐकूच आले नव्हते.

मग मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "काळ्या, त्यांना सांग. तूर लई बारीक व्हते. मला तर हरभराच बराबर वाटतो."

माझा आवाज भिंतीपलीकडे पहिल्यांदाच गेला होता.

सकाळी गणपत रिकामं ताट घेऊन आला. त्यात तुरीचा एक कोरडा दाणा होता.

"डाव्या हातानं खिसा चाचपू चाचपू त्यायनंच ठिवला, वहिनी. काय म्हनायचं हाय, कोनाला ठाऊक!"

मला ठाऊक होतं. अजून ठरलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आधीच मी भिंतीपाशी जाऊन बसले आणि काळ्याला हाक मारली.