उस्ताद रिफातची मतं कोण चोरतं?

अलेक्झांड्रिया शहरात तल्लख माणसं दोनच. दुसऱ्याचं नाव मला अजून सापडलेलं नाही. शोध चालू आहे.

मी वजीह. वय सत्तावीस, नजर गरुडाची, चष्म्याचा नंबर उणे साडेतीन. अकरा वाजल्यापासून मी मुहर्रम बे भागातल्या एका चष्म्याच्या दुकानात काम करतो, म्हणजे लोकांना दिसायला लागेल अशी सोय करतो. अकराच्या आधी मी गुप्तहेर असतो, म्हणजे लोकांना जे दिसत नाही ते मला दिसतं. आजवर सात प्रकरणं हाताळली. सातही सुटली. मी सोडवली असं मी म्हणत नाही, पण प्रत्येक प्रकरण सुटलं तेव्हा मी जवळपास होतो, आणि एवढंसुद्धा फार थोड्या गुप्तहेरांना जमतं.

माझं कार्यालय खमीस इस्त्रीवाल्याच्या दुकानात आहे. खमीस स्वतःला दुकानाचा मालक समजतो आणि मी त्याला माझा सहायक समजतो. एकमेकांचा गैरसमज दूर करायला दोघांनाही वेळ नाही.

रमजानला तीन आठवडे होते. सोमवारी नऊच्या सुमारास उस्ताद रिफात धापा टाकत आत आले आणि म्हणाले, "वजीह, माझी मतं चोरीला जातायत."

"मग अडचण काय आहे?" खमीसने शर्टाची कॉलर दाबत विचारलं.

खमीसचं हे बोलणं कठोर होतं, पण अज्ञानातून आलेलं नव्हतं. उस्ताद रिफातनी छत्तीस वर्षं टपाल खात्यात दुसऱ्यांची पत्रं न वाचता वाटली. निवृत्त झाल्यावर आत साठलेलं सगळं बाहेर यायला लागलं. गेली अकरा वर्षं ते रोज एक पानभर मतं सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवतात. सगळ्यात वर बिस्मिल्ला, खाली पाच रकाने: पुस्तकं, संगीत, टीव्ही, खेळ, राजकारण. पुस्तकांच्या रकान्यात, उदाहरणार्थ, "जाड कादंबरी म्हणजे लेखकाला वेळीच कोणी हटकलं नाही याचा पुरावा." संगीतात, "ऊद वाजवणाऱ्याने डोळे मिटू नयेत. आम्ही मिटणार आहोत, कोणीतरी जागं हवं." राजकारणाच्या रकान्यात ते शहाण्या माणसासारखे फक्त आपल्या इमारतीच्या बंद लिफ्टबद्दल लिहितात.

आधी कागद इमारतीच्या दारात लागायचा. लिफ्टवर सलग चाळीस लेख आल्यावर इमारतीच्या समितीने जागा नाकारली. तेव्हापासून, म्हणजे चार महिने, तो कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पिंपामागच्या भिंतीवर लागतो. त्यामागे उस्तादांचा विचार होता. मशिदीत सगळे जात नाहीत, कहव्याच्या दुकानात बायका बसत नाहीत, पण कचरा टाकायला सगळी गल्ली येते.

"रोज सकाळी आठला लावतो," ते म्हणाले, "दहाला गायब. तीन महिने वाटलं वारा असेल. पण वारा चिकटपट्टी सोलून, तिची घडी करून परत भिंतीला लावत नाही."

"मतं मागे सोडून पट्टी नेली असती तर समजलं असतं," खमीस म्हणाला. "पट्टी महाग झालीये."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. खुर्चीच्या कडेवर टेकून ते हळू आवाजात बायकोबद्दल बोलायला लागले. "इन्साफने डीप फ्रीझर घेतलाय. रमजानसाठी भेंडी, मुलुखियाची पानं, कोंबड्या, सगळं गोठवून ठेवायचंय. गुरुवारी येतोय. घरात जागा एकच, माझ्या लिहायच्या टेबलाची. ती म्हणते, तुमचं लिहिलेलं वाचणारा एक माणूस दाखवा. एकच. टेबल राहील. नाहीतर भंगारवाला बोलावते."

"मग दाखवा की एक."

"अकरा वर्षं झाली, वजीह. मला एकही माहीत नाही." त्यांनी घसा साफ केला. "पण चोर! चोर वाचतच असणार ना? न वाचता कोण कशाला चोरेल?"

मी उठून उभा राहिलो. जगातल्या कुठल्याही गुप्तहेराला चोर पकडायचा असतो. मला त्याच्या हातापाया पडून त्याला उस्तादांच्या घरी, चौथ्या मजल्यावर न्यायचं होतं.

घटनास्थळी मी भिंग लावून घडी केलेली पट्टी तपासली. पट्टी फाटलेली नव्हती, नखाने सावकाश सोललेली होती. चोर शांत, चिकाटीचा, बोटांचा हलका आणि रोज धारदार वस्तूंशी खेळणारा होता.

"लबीब न्हावी," मी म्हणालो.

"का?" खमीसने विचारलं.

"उस्तादांनी खेळाच्या रकान्यात आपल्या शहराच्या गोलरक्षकाबद्दल लिहिलं होतं, 'तो उंच आहे. एवढंच.' लबीबच्या दुकानात त्याच गोलरक्षकाचा फोटो आहे. दुखावलेला भक्त कागद फाडत नाही. तो जपून ठेवतो आणि बदला घेतो."

लबीब एका गिऱ्हाईकाच्या गालाला फेस लावत होता. मी एकदम विचारलं, "बुधवारी सकाळी नऊ ते दहा कुठे होतास?"

"आज सोमवार आहे."

"उत्तर टाळू नकोस."

"अरे, बुधवार यायचाय अजून!"

"उस्ताद रिफात गोलरक्षकाबद्दल काय लिहितात ते वाचलंस ना?"

"ते लिहितात? कुठे?" लबीबने वस्तरा थांबवला. "आणि गोलरक्षकाबद्दल मी त्यांच्यापेक्षा वाईट बोलतो. तो फोटो उतरवायला शिडी मिळत नाहीये, म्हणून टिकलाय."

फेस लावलेल्या गिऱ्हाईकाने मान डोलावली. इतका निर्दोष माणूस मी पाहिला नव्हता, म्हणून मी त्याचं नाव वहीत दोनदा लिहिलं.

मंगळवारी हसनैन रसवाल्याची पाळी आली. मागच्या रमजानच्या एका मालिकेत हसनैनच्या मावसभावाने प्रेताचं काम केलं होतं, आणि गेल्या महिन्यात ती मालिका पुन्हा लागली तेव्हा उस्तादांनी लिहिलं होतं, "प्रेताने निदान श्वास तरी रोखावा."

"घेत होता ना श्वास," हसनैन ऊस यंत्रात ढकलत म्हणाला. "त्याच्या आईने, माझ्या खालाने, स्वतः पाहिलं. म्हणाली, बघा, मेल्यावरसुद्धा ह्याला दम निघत नाही. पाशा, रस मोठा देऊ की छोटा?"

मोठा घेतला. पुराव्याच्या जवळ राहावं लागतं.

बुधवारी मी इस्त्रीच्या दुकानातून प्रत्यक्ष पाळत ठेवली. पाळत ठेवताना एकच गोष्ट पाहायची असते, आणि मी ती पाहिली. पिंपापासून वीस पावलांवर एक मिशीवाला माणूस उभा होता. तो एका दाराशी जाई, वर पाही, वहीत काही लिही आणि पुढच्या दाराशी जाई.

"राजकारणाचा रकाना," मी खमीसच्या कानात म्हणालो. "वरून माणूस आलाय."

"लिफ्टसाठी?"

"लिफ्ट हा फक्त बहाणा असतो, खमीस."

त्या माणसावरून मी पन्नास मिनिटं नजर हलवली नाही. माझ्या वहीत सगळी नोंद आहे. नऊ चाळीस, मिशीवाला लिहितो. नऊ पंचेचाळीस, मिशीवाला नाक पुसतो. नऊ पन्नास, भिंतीवर कागद नाही.

"नेला!" मी ओरडलो. "माझ्या डोळ्यांदेखत नेला!"

"पाशा, मिशीवाला अजून तिथेच उभा आहे," खमीस म्हणाला. "विजेचं मीटर वाचतोय. माझं कालच वाचून गेला."

"म्हणजे तो वाचतो हे तू कबूल करतोस."

खमीसने इस्त्री माझ्या दिशेने थोडी जास्त जवळ आणली, म्हणून मी विषय तिथेच थांबवला.

गुरुवार उजाडला. मी लबीबला, हसनैनला आणि मीटरवाल्याला उस्तादांच्या घरी, चौथ्या मजल्यावर, त्या टेबलाभोवती गोळा केलं. मीटरवाला यायला तयार नव्हता, पण उस्तादांचं मीटर वाचायचं राहिलं होतं. टेबल जुनं, एका पायाखाली घडी केलेलं पुठ्ठ्याचं खोकं. उस्ताद त्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते, जसं कोणी आजारी नातेवाइकाजवळ बसतं. इन्साफ खाला भाजी आणायला गेल्या होत्या. जिन्यातून हमालांचे आवाज येत होते. लिफ्ट बंद असल्यामुळे फ्रीझर खांद्यांवरून वर चढत होता.

मी मागे हात बांधून फेऱ्या मारायला लागलो. "इथे जमलेल्यांपैकी एक जण," मी म्हणालो, "वाचक आहे."

सगळ्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं.

"मी नाही," लबीब म्हणाला. "आमच्या घराण्यातच कोणी नाही."

"वाचलं तर चष्मा लागतो," हसनैन म्हणाला. "तुझ्याच दुकानात पाटी आहे."

"मी वाचतो," मीटरवाला म्हणाला, "पण फक्त आकडे."

उस्तादांनी आशेने त्याच्याकडे पाहिलं. "माझ्या लेखात आकडे असतात. लिफ्ट किती दिवस बंद आहे ते मी रोज देतो."

मीटरवाल्याने खाली पाहिलं. उस्तादांचे हात टेबलावरून हळूच मांडीवर गेले. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी बोट उचलून म्हणालो, "चोर आहे लबीब!"

"मी दाढी अर्धी टाकून आलोय रे! माणूस खुर्चीत बसलाय माझा!"

"मग हसनैन!"

तेवढ्यात दाराशी फ्रीझर आला. दोन हमाल घामाने निथळत होते, आणि फ्रीझरमागून एक खणखणीत म्हातारा आवाज येत होता.

"चूक! साफ चूक! विचार त्याला, उंच आहे एवढंच म्हणजे काय? गेल्या सामन्यात दोन गोल अडवले की त्याने! नातवाने मला रेडिओ ऐकवला. पुढचं वाच."

फ्रीझर बाजूला झाला. मागे इन्साफ खाला उभ्या होत्या, एका हातात कागद. त्यांच्या बाजूला कोपऱ्यावर पालेभाजी विकणारी उम्म रजब, पिठाचं स्वच्छ धुतलेलं पोतं छातीशी धरून. पोतं कागदांनी भरलेलं होतं.

"तू आहेस होय रिफात?" उम्म रजब सरळ उस्तादांवर चालून गेली. "छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलीस आणि एवढी अक्कल नाही? वर अल्लाचं नाव, आणि खाली कोंबड्यांची पिसं, मांजरांची घाण! चार महिने मी रोज काढतेय. मला लिहितावाचता येत नाही, पण तेवढा एक शब्द येतो. तो कचऱ्यात पडलेला मी बघू? पोत्यात घालून उशाशी टांगते. कंबर गेली माझी त्या पिंपावर वाकून!"

चिकटपट्टीची घडी, शांत हात, चिकाटी. मी म्हणालो, "म्हणजे हलकी बोटं असणार हा माझा अंदाज..."

"गप बस," इन्साफ खाला म्हणाल्या. "कोथिंबीर घ्यायला गेले, ही कागद सोलत होती. म्हटलं, हे माझ्या नवऱ्याचं अक्षर, तर हिने मलाच झापलं. पोतं घेऊन वर येत होतो, तर हा फ्रीझर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलेला. अर्धा तास जिन्यात बसलो. ही म्हणाली, इतके दिवस सांभाळतेय, आत काय आहे ते तरी सांग."

उस्ताद उठून उभे राहिले होते. "आणि? ही काय म्हणाली?"

"तुम्ही चुकलात म्हणाली. फुटबॉलमध्ये, गाण्यात, आणि प्रेताच्या बाबतीतही. प्रेत श्वास घेत नव्हतं, म्हणे, पंख्याने चादर हलत होती."

"पंखा?" हसनैन हळूच म्हणाला. "खालाला सांगायला हवं."

उस्ताद रिफात रडायला लागले. मला वाटलं टेबलासाठी, पण ते उम्म रजबचा हात धरून म्हणत होते, "चुकलो? नक्की? अजून कुठे कुठे चुकलो?" अकरा वर्षांत त्यांना कोणी चूक म्हटलं नव्हतं. चूक म्हणायला आधी लक्ष द्यावं लागतं.

"बाई," एक हमाल कुरकुरला, "हा ठेवू कुठे? खांदा गेला."

मी गुप्तहेर म्हणून पुढे झालो. "अट अशी होती की एक वाचक दाखवायचा. उम्म रजबने ऐकलं, वाचलं नाही. आता कायद्याच्या दृष्टीने ऐकणारा हा..."

"वाचलं मी," इन्साफ खाला म्हणाल्या.

उस्तादांनी नाक पुसलं. "तू?"

"जिन्यात दुसरं कोण होतं? अठ्ठावीस कागद वाचले. त्यातले सव्वीस मूर्खपणाचे आहेत. ऊद वाजवणाऱ्याने डोळे का मिटू नयेत? लग्नाच्या आधी तुम्ही मला ज्या मैफिलीला नेलं होतं, तिथे सगळ्यात आधी तुमचेच मिटले होते." त्या हमालांकडे वळल्या. "फ्रीझर झोपायच्या खोलीत, ह्यांच्या बाजूला. टेबल राहू दे."

"म्हणजे मी जिंकलो?" उस्तादांनी विचारलं.

"टेबल राहील म्हटलं होतं. तुमचं राहील असं नव्हतं म्हटलं. उठा तिथून. मला उत्तरं लिहायचीयत."

शनिवारी सकाळी मी लबीबच्या दुकानाबाहेर थांबलो. उम्म रजबने जागा स्वतः पसंत केली होती: स्वच्छ भिंत, मांजरांच्या आवाक्याबाहेर. डावीकडे उस्तादांचा कागद, उजवीकडे नवा, ठसठशीत अक्षरात, मथळा "ह्यांचं ऐकू नका." चौदा माणसं होती, मी मोजली. चौदाही उजवीकडे गर्दी करून उभी होती. मग एकेक जण डावीकडे मान वळवी, नक्की कशाला उत्तर दिलंय ते बघायला, आणि परत उजवीकडे येऊन खदखदून हसे. मीटरवालाही होता. तो आता अक्षरंही वाचत होता, एकेक करून.

गर्दीच्या मागे उस्ताद रिफात टाचा उंच करून उभे होते.

"पुढे या ना उस्ताद," मी म्हणालो, "जागा करून देतो."

"श्श. राजकारणापर्यंत आलोय." त्यांचे डोळे ओळीवरून हलत नव्हते. "ती म्हणते लिफ्ट बंद आहे ते बरंच आहे, त्यामुळे माणसं जिन्यात भेटतात. बाई लिहिते सुरेख, वजीह. पण सगळी मतं चुकीची."

आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.