नमुना नंबर एक

माझ्या पुतण्याच्या लग्नात मल्हारी सर आहेर करायला स्टेजवर चढले, नवरदेवाच्या कपाळावरच्या मुरुमाकडं बघून म्हणाले, "लई जबर कळप हाय!" आणि खिशातून कापसाची काडी काढून मुरूम पुसून घेतला. फोटोवाल्यानं नेमका तेवढाच फोटो नीट काढला.

सर आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. मूळचे गंगापूरकडचे, घरी मेंढरं. इथं उस्मानपुऱ्यात मेंढरं कुठं पाळणार? म्हणून मुरुमाचे जंतू पाळतात. "काय, आज चरली नाय व्हय?" असं त्यांना रोज विचारतात. बंद बरणीत आठवडाभर लाड करायचे, खाऊपिऊ घालायचं, आणि मग त्यांच्यावर माझं काळं पाणी ओतायचं. काळं पाणी म्हणजे ग्राफिन: कार्बनचे इतके पातळ पापुद्रे, की त्यांच्या कडांनी जंतू फाटतात. ते मी बनवतो, रसायनशास्त्रवाला. खाटीक म्हणा हवं तर.

बारा जणांच्या तोंडावरचे बारा नमुने. अकरा मेले. राहिला नमुना नंबर एक, आणि त्याच्यापायी आमचा शोधनिबंध अन् माझी बढती अडली. कधीही विचारा, मल्हारी सर म्हणणार, "आज नको सर, जरा अशक्त हाय." चार महिने अशक्त! दर आठवड्याला जंतूंना नवी काचेची थाळी, नवं खाद्य. एवढी सरबराई माझी सासुरवाडीत कधी झाली नाही.

परवा माझं डोकं फिरलं. "आणा इकडं, मीच ओततो," म्हणत बरणीला हात घातला. सरांनी माझं मनगट धरलं.

"आमच्या मंडळींच्या गालावरचा हाय तो. सुरुवातीला कोणी काडी लावू देईना, तर हीच हसत समोर बसली." त्यांनी बरणी स्वतःकडं ओढली. "साड्या बहिणींनी नेल्या. तिचं म्हणून जित्तं एवढंच राहिलंय, सर."

वहिनी जाऊन दोन वर्षं झाली. तेराव्याला जेवून आलेला माणूस मी, आणि मला हे कळू नये! फार लाज वाटली.

निबंधात अकराच नमुने लिहिले. बढतीचं बघू.

काल सर आईला बघायला गावी गेले आणि थाळी बदलायचं काम माझ्यावर सोपवलं. एसटीतून तीनदा फोन. "घाई करू नका सर. हळू हातानं."

"निवांत जाऊन या," मी म्हणालो. "वहिनींकडं मी बघतो."