बोळ्याचा मिक्सर क्लास

आमच्या कुत्रीचं शेवटचं पिल्लू, बोळा, रविवारी नव्या घरी द्यायचं असं मी ठरवलं आणि घरात मिक्सरची घरघर सुरू झाली.

खरं तर पिल्लू तयार झालंय हे ओळखणं काही अवघड नसतं. आठ आठवडे उलटले, ते आपलं आपण खायला लागलं, आई त्याला झटकायला लागली, की झालं. बोळा दूध प्यायला आला की आमची कुत्री फक्त कपाटावर चढायची बाकी होती. हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. (बाबा पेपर वाचत होते, म्हणजे ऐकत नव्हते.)

“लहान आहे गं अजून.”

“बाबा, मला कॉलेजात सोडायला थेट वर्गात आलात, तेव्हाही हेच म्हणालात!”

“मग? मिक्सर लावला की पलंगाखाली पळतो तो. असलं भित्रं पोर लोकांकडे पाठवायचं?”

त्याला नेणार होत्या मागच्या गल्लीतल्या टेलरमावशी. एकट्या आणि मायाळू. “रविवारी देत नसशील तर मी दुसरीकडचं आणते बाई,” असं त्यांनी बजावलं होतं. असं घर पुन्हा कुठून मिळणार? मी क्लासच सुरू केला. रिकामा मिक्सर लावायचा, बोळ्याला मांडीवर घ्यायचं, थोपटायचं. आधी तो थरथरला. मग त्याने जांभई दिली. शनिवारी तर मिक्सर सुरू होताच घोरायला लागला.

“बघा!”

बाबांनी मिक्सर बंद केला. बोळ्याने डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. मिक्सर लावला, झोपला. बंद केला, भोकाड.

“वा! आता सोबत मिक्सरही पाठव.”

“माझा मिक्सर कुठेही जाणार नाही!” आई आतून कडाडली.

रविवारी मावशींना मी सगळं खरं सांगून टाकलं. (बाबा शेजारीच उभे होते, दुसरा इलाज नव्हता.) मावशींनी विचारलं, “मशीनचा आवाज चालेल का गं त्याला?”

आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो. मोटरचं शिलाई मशीन घरघरलं. बोळ्याने खालच्या चिंध्या हुंगल्या, एक गिरकी घेतली आणि तिथेच अंग टाकलं. दोरा बदलायला मावशी थांबल्या, मशीन बंद झालं. बोळ्याने एक डोळा उघडला, त्यांच्या पायाचा अंगठा चाटला आणि डोळा पुन्हा मिटला.

“तयार आहे,” शेवटी बाबाच म्हणाले.

घरी कुत्री अख्ख्या गोणपाटावर ऐसपैस पसरली होती. मीही दुपारची आडवी झाले. या कुशीवर, त्या कुशीवर. दोनदा पलंगाखाली वाकून पाहिलं. (चप्पल शोधत होते.)

इतक्यात स्वयंपाकघरात मिक्सर घरघरला. बाबा दारात येऊन उभे राहिले.

“झोप आता. लहान आहेस गं अजून.”

असा संताप आला म्हणून सांगू! चांगलं सडेतोड उत्तर देणार होते. पण त्याआधीच मला झोप लागली.