केळ्याचं नाव सांगा

बोळिंजच्या आमच्या सोसायटीत सायबर चोरांवर व्याख्यान झालं आणि मी घराला कोडवर्ड लावायचं ठरवलं. हल्ली एआय म्हणे कुणाचाही आवाज हुबेहूब काढतं. तेव्हा अनोळखी नंबरवरून घरच्या माणसाचा आवाज आला, तर आधी कोडवर्ड विचारायचा. आम्ही मूळचे वसईचे, केळीच्या वाडीवाले, म्हणून केळ्यांच्या जाती निवडल्या. दर रविवारी नवी जात. तीनदा चुकलं की फोन ठेवायचा. (कामणच्या गोदामात मी एकोणीस वर्षं कारकून आहे. नियम केल्याशिवाय मला जेवण पचत नाही.)

गुरुवारी कामणजवळ माझी स्कूटर खड्ड्यात गेली. पाय सुजून भोपळा झाला, मोबाइलचा आणि चष्म्याचा चुरा. दवाखान्यातल्या सालोमी सिस्टर म्हणाल्या, "घरचं कोनी आल्याशिवाय सोडनार नाय." त्यांच्याच फोनवरून बायकोला लावला.

"मीरा, मी दिनानाथ. अपघात झालाय."

"कोडवर्ड?"

अभिमानानं माझी छाती फुगली. पण शब्द काही आठवेना. "राजेळी?"

"तो मागच्या आठवड्यातला."

"वेलची?"

"तो गणपतीतला."

"बसराई... अगं, पाय मोडलाय माझा!"

"चोरही असंच म्हणतात," म्हणत तिनं फोन ठेवला. अगदी नियमानुसार.

आता मात्र मला भीती वाटली. आपलंच माणूस पलीकडे आहे आणि आपण आपणच आहोत, हे त्याला पटवता येत नाही. पुन्हा फोन लावला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "मीरा, घाबरू नकोस. तू जेवलीस का?"

पलीकडून ती कडाडली, "मेल्या, आवाज चोरलास, पण स्वभावाची तरी चौकशी करायचीस! बावीस वर्षांत ह्यांनी मला हे विचारलेलं नाही!"

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मघापासून घसा फोडतोय मी! कामणच्या दवाखान्यात ये, आणि येताना माझा दुसरा चष्मा आण, नेहमीसारखी विसरू नकोस!"

"अगंबाई! तुम्हीच की! आलेच."

तासाभरात ती आली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात माझी. चष्मा मात्र आठवणीनं आणला होता. मला स्वतःचीच लाज वाटली. या घरात माझी ओळख पटायला केळी लागतच नव्हती, खेकसणं पुरत होतं.

रिक्षात मी अगदी मनापासून विचारलं, "खरंच, जेवलीस का गं?"

तिनं डोळे पुसले, मला नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "कोडवर्ड?"

तो मला अजूनही आठवत नव्हता.