बटणांचं स्थळ

शनिवारी सकाळी बटणांचा एक स्वस्तातला फोन मला बघायला आला. आमच्या कराडात माणसं फोन पसंत करत नाहीत. फोन माणूस बघून जातो आणि मग कळवतो. याआधी काचेचे दोन मोठे फोन मला नाकारून गेले होते. कारण एकच, मुलगी दचकते. मी दचकले की हातातलं खाली पडतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. आणि सोमवारी मला साताऱ्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं. बिनफोनच्या माणसाला तिथे घेत नाहीत.

मोबाइलच्या दुकानाच्या सुलभाकाकू त्याला रुमालात घेऊन आल्या. आईने त्याच्यापुढेही पोह्यांची बशी ठेवली. रीत ती रीत.

"निर्व्यसनी आहे," काकू म्हणाल्या. "एकदा चार्ज केला की दोन दिवस काही मागत नाही."

"कॅमेरा?" अप्पांनी विचारलं.

"बेताचा. पण संसारात कॅमेरा काय चाटायचाय?"

आई माझ्या कानाशी पुटपुटली, "बटणं किती ठसठशीत आहेत गं." मी दचकले.

फोनने ते पाहिलं. "शिक्षण?"

"बी. कॉम."

"अंगठे बघू."

मी दोन्ही अंगठे पुढे केले. ते थरथरत होते.

"जरा लिहून दाखवा."

मी माझं नाव लिहिलं. काचेवर ते कधी धड उमटलंच नव्हतं. इथे प्रत्येक बटण खाली जाऊन टक्क म्हणालं आणि अंगठा तिथेच थांबला. मला तो आवडला. काही आवडलं की माझी धडधड जास्तच वाढते.

"कळवतो," फोन म्हणाला, आणि काकूंनी त्याला रुमालात गुंडाळलं.

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं. "अप्पा, कळवणार कशावर? माझ्याकडे फोन कुठाय?"

"माझ्यावर कळवतील की."

"दुसऱ्यांचे निरोप मी घेत नाही," अप्पांचा फोन खिशातूनच म्हणाला.

रविवारभर मी खिडकी ते दार, दार ते खिडकी करत राहिले. रविवारी टपाल येत नाही हे माहीत असूनही पेटी उघडून बघितली. आई म्हणाली, "बस गं एका जागी, फरशी झिजेल." संध्याकाळी दाराशी घरघर झाली. उघडलं तर उंबऱ्यावर तो थरथरत उभा. एकटाच, धुळीने माखलेला.

"तुमच्याकडे फोन नाही, म्हणून स्वतः कळवायला आलो," तो म्हणाला. "नकार आहे. तुम्ही दचकता."

"बरं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. मी दचकले. फोनही दचकला आणि उंबऱ्यावरून उडाला. माझे हात आधीच वर गेले होते. तो नेमका त्यांत पडला. 'प'चं बटण निखळून चपलेत गेलं. मी ते उचलून जागेवर दाबलं. टक्क.

त्याने पडद्यावर एकदा 'प' उमटवून बघितला.

"काकूंना सांगू नका."

"नाही सांगणार."

दुसरी शिट्टी झाली. आम्ही दोघंही दचकलो.

"साताऱ्याची एसटी किती वाजता आहे?" त्याने विचारलं.